उशिरा कळलेली चूक आणि लहान मेंदूचं रसायनशास्त्र

हा लेख मोबाइलवर वाचत असाल तर एक गोष्ट करून बघा. डोकं स्थिर ठेवा आणि हातातला फोन भराभर डावीकडे-उजवीकडे हलवा, सेकंदाला दोनतीनदा. अक्षरं फिसकटतील, एक ओळही धड वाचता येणार नाही. आता फोन स्थिर धरा आणि ‘नाही, नाही’ म्हणताना हलवतो तसं डोकं तेवढ्याच वेगाने हलवा. या खेपेला मजकूर बऱ्यापैकी वाचता येतो. फोन आणि डोकं यांच्यातली हालचाल दोन्ही वेळा सारखीच होती, तरी एकदा जमलं आणि एकदा नाही.

फोन हलतो तेव्हा तो कुठे सरकला हे आधी डोळ्यांनी बघावं लागतं, मग मेंदूने ते समजून डोळ्यांना त्याच्या मागे पाठवावं लागतं. यात साधारण १०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा दहावा भाग खर्ची पडतो. डोकं हलतं तेव्हा बातमी दुसऱ्याच वाटेने येते. आतल्या कानातल्या अर्धवर्तुळाकार नलिका डोकं किती वेगाने फिरतंय ते टिपतात आणि सुमारे १० मिलिसेकंदांत डोळे तेवढेच उलट बाजूला वळतात. मधली साखळी अवघ्या तीन न्यूरॉनची असते. विचार करायला तिथे कोणी नसतंच, म्हणून ती इतकी चपळ आहे.

ही सोय नसली तर काय होतं, याचं एक नोंदलेलं उदाहरण आहे. १९५२ साली एका अमेरिकी डॉक्टरने आपलं पूर्ण नाव न देता एका वैद्यकीय नियतकालिकात स्वतःची कहाणी लिहिली. स्ट्रेप्टोमायसिनच्या दुष्परिणामाने त्यांच्या आतल्या कानातला तोल सांभाळणारा भाग निकामी झाला होता. पलंगावर पडून वाचतानासुद्धा नाडीच्या ठोक्याबरोबर डोकं जे किंचित हलतं, तेवढ्याने अक्षरं उडायची. शेवटी पलंगाच्या लोखंडी गजांमध्ये डोकं दाबून धरून ते वाचायचे.

आता या चपळ प्रतिक्षिप्त क्रियेची एक अडचण आहे. ती आंधळी आहे. डोकं १० अंश वळलं की डोळे १० अंश उलट वळवायचे, एवढंच तिला ठाऊक. पण हा हिशेब कायमचा बरोबर राहत नाही. मायनस नंबरचा चष्मा लागला की काचेतून सगळं किंचित लहान दिसतं आणि डोकं तेवढंच वळलं तरी डोळ्यांना आता थोडं कमी वळावं लागतं. प्लस नंबर असेल तर थोडं जास्त. नवा चष्मा घातल्यावर पहिले एकदोन दिवस जमीन हलल्यासारखी वाटते, जिना उतरताना पाय जपून टाकावा लागतो. चष्मेवाला सांगतो, ‘होईल सवय दोन दिवसांत.’ आणि खरोखरच होते. ही सवय डोळ्यांना होत नाही. ती होते डोक्याच्या मागच्या बाजूला, मानेच्या वर असलेल्या लहान मेंदूत, म्हणजे शाळेच्या पुस्तकातल्या अनुमस्तिष्कात.

माँट्रियलच्या मॅक्गिल विद्यापीठात गॉन्शर आणि मेलव्हिल जोन्स यांनी १९७०च्या दशकात हीच सवय टोकाला नेऊन पाहिली. त्यांनी लोकांना डावं-उजवं उलटं दाखवणारे प्रिझमचे चष्मे कित्येक दिवस घालायला लावले. या माणसांच्या डोळ्यांची प्रतिक्षिप्त क्रिया आधी मंदावली आणि मग चक्क उलट दिशेने होऊ लागली. आणि ही उलटी क्रिया अंधारातही, म्हणजे बघायला काही नसतानाही दिसली. जन्मापासून पक्की असलेली तीन न्यूरॉनची साखळी काही आठवड्यांत अशी बदलते, याचा अर्थ तिच्यावर कोणीतरी नजर ठेवून आहे. प्राण्यांमध्ये लहान मेंदूचा फ्लॉक्युलस नावाचा कोपरा काढला तर क्रिया चालू राहते, पण तिला नव्याने शिकवणं बंद पडतं.

शिकण्यासाठी चूक कळावी लागते. इथली चूक म्हणजे डोळ्याच्या पडद्यावरून प्रतिमा घसरणं. पण ती डोळ्यांनाच कळते आणि वर म्हटल्याप्रमाणे त्या वाटेला १०० मिलिसेकंद लागतात. म्हणजे चूक झाल्याची बातमी लहान मेंदूत पोचते तोवर ती चूक करणारे संकेत कधीच येऊन गेलेले असतात आणि त्यांच्या जागी भलतेच संकेत चालू असतात. मग दुरुस्ती कोणाची करायची? हे ठरवण्याचं काम कोणी वरिष्ठ न्यूरॉन करत नाही. मायक्रोमीटरएवढ्या जागेत काही रेणू ते काम करतात. ते कसं करतात हीच या लेखाची गोष्ट आहे, आणि माझ्या मते मेंदूविज्ञानातली ही सगळ्यात देखणी गोष्ट आहे.

आधी तिथली रचना. लहान मेंदूचं वजन जेमतेम दीडशे ग्रॅम, अख्ख्या मेंदूच्या दहाव्या हिश्शाएवढं. पण माणसाच्या मेंदूतल्या सुमारे ८६ अब्ज न्यूरॉनपैकी ६९ अब्ज एकट्या लहान मेंदूत आहेत. ही मोजणी २००९ साली ब्राझीलच्या संशोधकांनी केली. यातले बहुतेक सगळे ‘ग्रॅन्युल’ नावाचे इवलेसे न्यूरॉन असतात. त्यांचे बारीक तंतू वर जाऊन दोन बाजूंना फुटतात आणि एकमेकांना समांतर धावतात, म्हणून त्यांना समांतर तंतू म्हणतात. डोकं कुठे वळलं, हात कुठे आहे, स्नायू किती ताणलाय, ही सगळी खबर याच तंतूंतून येते.

हे तंतू ज्यांना भेटतात त्या पुरकिंजे पेशी. चेक शास्त्रज्ञ यान पुरकिंजे यांनी १८३७ साली त्यांचं वर्णन केलं. या पेशींच्या फांद्यांचा पसारा भलामोठा, पण तो एकाच पातळीत सपाट पसरलेला असतो आणि समांतर तंतू त्याला काटकोनात छेदत जातात. एका पुरकिंजे पेशीला दीड ते दोन लाख समांतर तंतू येऊन जोडलेले असतात. एकेका जोडणीचा, म्हणजे सिनॅप्सचा, आवाज अगदी बारीक. एकट्याच्या बोलण्याने काही होत नाही.

याच पेशीला आणखी एक तंतू येऊन मिळतो, आणि तो एकच असतो. मेंदूच्या देठातल्या ‘ऑलिव्ह’ नावाच्या भागातून निघालेला हा आरोही तंतू पुरकिंजे पेशीच्या फांद्यांना विळखे घालत वर चढतो आणि शेकडो ठिकाणी तिला चिकटतो. जन्माच्या वेळी असे अनेक तंतू एकाच पेशीवर हक्क सांगत असतात. उंदरात पहिल्या तीन आठवड्यांत त्यांच्यात चुरस होऊन एकच टिकतो. हा तंतू सेकंदाला साधारण एकदाच बोलतो, पण बोलला की पुरकिंजे पेशीला ते ऐकावंच लागतं. फ्लॉक्युलसमध्ये तो सांगतो ती बातमी म्हणजे प्रतिमा घसरली, चूक झाली.

एक गोष्ट इथेच लक्षात घेऊ, नाहीतर पुढे घोटाळा होतो. पुरकिंजे पेशी पुढच्या न्यूरॉनना उत्तेजन देत नाही, ती त्यांना दाबून ठेवते. तिच्या टोकातून गाबा नावाचं शमन करणारं रसायन सुटतं. लहान मेंदूच्या पृष्ठभागातून बाहेर पडणारी एकमेव वाट हीच आहे आणि तिच्यावरून फक्त ‘थांब’ असाच निरोप जातो. जपानच्या मासाओ इतो यांनी १९६०च्या दशकात हे दाखवलं तेव्हा अनेकांना ते पटायला जड गेलं. त्यामुळे पुरकिंजे पेशीला येणारी एखादी जोडणी मंद झाली तर पेशी कमी बोलते आणि पुढच्या न्यूरॉनवरचा लगाम सैल होतो.

केंब्रिजमधल्या डेव्हिड मार या विशीतल्या तरुणाने १९६९ मध्ये ही रचना बघून एक सिद्धांत मांडला. समांतर तंतू आणि आरोही तंतू एका सुमारास बोलले तर त्या समांतर तंतूची जोडणी बदलत असणार आणि शिकणं ते हेच, असं त्याचं म्हणणं. बदल म्हणजे जोडणी बळकट होणं, असं त्याने धरलं. १९७१ मध्ये जेम्स अल्बस यांनी, जे नासात काम करणारे अभियंते होते, जवळपास तोच सिद्धांत मांडला, पण उलट चिन्हाने. आरोही तंतू जर चूक झाल्याची बातमी देत असेल तर त्या वेळी बोलणाऱ्या जोडण्या बळकट करून काय उपयोग, त्या मंद व्हायला हव्यात. यंत्रं चालवणाऱ्या माणसाला हे सुचावं यात नवल नाही. प्रत्यक्ष पुरावा यायला आणखी दहाएक वर्षं गेली. १९८२ मध्ये इतो आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी सशांवर प्रयोग केला. कानाकडून येणारी मज्जा सेकंदाला २० वेळा आणि ऑलिव्ह सेकंदाला ४ वेळा, असं दोन्हींना एकत्र २५ सेकंद चेतवलं. त्यानंतर त्या वाटेने येणाऱ्या संकेतांना पुरकिंजे पेशीचा प्रतिसाद घटला आणि ही घट तासभर टिकली. नुसती एकच वाट चेतवली तर असं होत नव्हतं. अल्बसचं चिन्ह बरोबर निघालं. या टिकाऊ घटीला संशोधक एलटीडी म्हणतात.

आता एका जोडणीच्या आत जाऊ.

पुरकिंजे पेशीच्या फांद्यांवर बारीक काटे असतात, लांबी एखाद-दोन मायक्रोमीटर. समांतर तंतू या काट्याला भेटतो. तंतूतून संकेत आला की त्याच्या टोकातून ग्लुटामेट हे रसायन मधल्या फटीत सुटतं. काट्याच्या पृष्ठभागावर ग्लुटामेट ओळखणारे रिसेप्टर दोन जातींचे आहेत. पहिले आम्पा रिसेप्टर. ते तंतूच्या टोकासमोरच बसलेले असतात, ग्लुटामेट लागताच उघडतात, सोडियम आत येतो आणि काही मिलिसेकंदांत काम संपतं. रोजचं बोलणं चालतं ते यांच्यावर. दुसरी जात एमग्लुआर-१. हे रिसेप्टर जरा कडेला, जोडणीच्या काठावर बसतात. एकदुसऱ्या संकेताचं ग्लुटामेट त्यांच्यापर्यंत फारसं पोचत नाही, कारण शेजारच्या बर्गमन ग्लिया नावाच्या सहायक पेशी ते पटकन शोषून घेतात. तंतू लागोपाठ काही वेळा बोलला तरच ते सांडून काठापर्यंत जातं. म्हणजे इथे पहिली चाळणी लागली. तुरळक कुजबुज शिकण्याच्या यंत्रणेपर्यंत जातच नाही.

एमग्लुआर-१ स्वतः कोणतंही दार उघडत नाही. तो काट्याच्या आत एक साखळी सुरू करतो. एक विकर (एन्झाइम) पेशीपटलातल्या मेदाचा रेणू तोडतो आणि त्याचे दोन तुकडे होतात. एक तुकडा डीएजी, तो पटलातच राहतो. दुसरा आयपी-३, तो पाण्यात विरघळून काट्याच्या आत पसरतो. काट्यात कॅल्शियम साठवलेली एक बारीक नळी गेलेली असते आणि तिच्या भिंतीत आयपी-३ रिसेप्टर बसलेले असतात. जपानच्या कात्सुहिको मिकोशिबा यांना हे प्रथिन सापडलं ते लहान मेंदूतच. तोल जाणाऱ्या, पुरकिंजे पेशी नसलेल्या उंदरांत एक मोठं प्रथिन जवळपास गायब होतं. त्याचा पाठपुरावा करता करता १९८९ मध्ये ते हेच असल्याचं कळलं. शरीरातल्या इतर पेशींतही हा रिसेप्टर आहे, पण पुरकिंजे पेशीत तो ठासून भरलेला आहे.

एवढ्यात आरोही तंतू बोलतो, चूक झाल्याची बातमी घेऊन. त्याच्या जोरदार संकेताने पुरकिंजे पेशीच्या सगळ्या फांद्यांचा विद्युतदाब चढतो आणि त्या दाबाने उघडणारी कॅल्शियमची दारं ठिकठिकाणी उघडतात. पेशीबाहेर कॅल्शियम आतल्यापेक्षा दहा हजार पटींहून जास्त असतो, त्यामुळे तो आत घुसतो. हे सगळ्या काट्यांत होतं, ज्यांचा चुकीशी काही संबंध नाही त्यांच्यातही.

निवड होते ती आयपी-३ रिसेप्टरपाशी. बँकेचा लॉकर जसा एक किल्ली बँकेची आणि एक आपली, दोन्ही लागल्यावरच उघडतो, तसा हा रिसेप्टर आयपी-३ आणि कॅल्शियम दोन्ही मिळाल्यावरच पुरता उघडतो. आयपी-३ ही किल्ली फक्त त्याच काट्यांत असते ज्यांचा समांतर तंतू नुकताच बोलला. कॅल्शियमची किल्ली आरोही तंतू सगळीकडे वाटतो. दोन्ही जिथे जुळल्या तिथे आतल्या साठ्यातला कॅल्शियम भसकन बाहेर पडतो आणि त्या काट्यातली पातळी शेजारच्या काट्यांपेक्षा कितीतरी वर जाते. २००० साली वांग, डेंक आणि हॉयसर यांनी सूक्ष्मदर्शकाखाली एकेका काट्यात हा कॅल्शियम उसळताना पाहिला. समांतर तंतू आधी आणि आरोही नंतर असेल तर उसळी मोठी. क्रम उलटा केला तर नाही.

क्रमाचं कारण साधं आहे. आयपी-३ तयार व्हायला वेळ लागतो आणि झाल्यावर तो थोडा काळ रेंगाळतो. काट्यात तो आहे याचा अर्थ ‘हा तंतू एवढ्यातच बोलला होता’. शंभरेक मिलिसेकंदांपूर्वी काय घडलं याची ही रासायनिक नोंद आहे. चूक झाल्याची बातमी उशिरा आली तरी ज्याच्यामुळे चूक झाली तो ओळखू येतो.

२०१६ मध्ये स्टॅनफर्डच्या जेनिफर रेमंड यांच्या गटाने हा मेळ अधिक बारकाईने तपासला. उंदराच्या फ्लॉक्युलसचे काप घेऊन त्यांनी समांतर तंतू आणि आरोही तंतू यांच्यातलं अंतर बदलून पाहिलं. सर्वाधिक परिणाम झाला तो १२० मिलिसेकंदांच्या अंतराला, जो डोळ्यांकडून चूक कळायला लागणाऱ्या उशिराशी नेमका जुळतो. शून्य अंतर ठेवलं, म्हणजे दोन्ही एकदम चेतवले, तर तिथे शिकणं होत नव्हतं. लहान मेंदूच्या दुसऱ्या भागात, व्हर्मिसमध्ये, मात्र वेगवेगळी अंतरं चालत होती. तिथल्या पेशी निरनिराळ्या कामांत असतात, सगळ्यांचा उशीर सारखा नसतो. हा शोध मला फार आवडतो. लहान मेंदू सगळीकडे एकाच साच्याचा, असं पुस्तकं वर्षानुवर्षं सांगत आली. तारांचा साचा एक असेलही, पण प्रत्येक जागेचं रासायनिक घड्याळ तिथल्या कामाला लावून दिलेलं आहे.

कॅल्शियम वाढल्यावर पुढचं काम पीकेसी या विकराचं. कॅल्शियम आणि तो मागे पटलात राहिलेला डीएजी, दोघे मिळून त्याला जागं करतात. पीकेसी आम्पा रिसेप्टरच्या शेपटीवरच्या ठरावीक जागी, ८८० क्रमांकाच्या सेरीन या अमिनो आम्लावर, फॉस्फेटचा एक गट चिकटवतो. एवढ्याशा बदलाने रिसेप्टरला जागेवर धरून ठेवणारं ग्रिप हे प्रथिन सुटतं आणि त्या जागी पिक-१ येऊन लागतं. मग तो रिसेप्टर पटलाच्या खळग्यातून आत ओढला जातो. काट्यावर आम्पा रिसेप्टर कमी, म्हणजे तेवढंच ग्लुटामेट आलं तरी प्रतिसाद कमी. जोडणी मंद झाली. नव्या चष्म्याची सवय होताना तुमच्या फ्लॉक्युलसमध्ये असे किती काटे बदलत असतील कोण जाणे.

या साखळीत एक वायूही आहे. नायट्रिक ऑक्साइड रक्तवाहिन्या सैल करतो, हे दाखवल्याबद्दल १९९८चं नोबेल दिलं गेलं. पण न्यूरॉन हा वायू सोडतात हे कळलं ते लहान मेंदूच्या पेशींवरून, १९८८ मध्ये, आणि तो बनवणारं विकर १९९० मध्ये वेगळं काढलं गेलं तेही उंदराच्या लहान मेंदूतून. हा वायू कुपीत भरून ठेवता येत नाही आणि त्याला पेशीच्या दारावर रिसेप्टर लागत नाही. बनला की पटलातून आरपार जातो आणि काही सेकंदांत विरतो. पुरकिंजे पेशीत तो बनत नाही, शेजाऱ्यांकडून येतो. आत आल्यावर तो अशी साखळी सुरू करतो जिच्या शेवटी फॉस्फेट काढून टाकणाऱ्या पीपी-२ए या विकराला आळा बसतो. एकीकडे पीकेसी फॉस्फेट लावतोय आणि दुसरीकडे ते काढणारा गप्प केलाय, असा हा दुहेरी बंदोबस्त.

उलट दिशेने जाणारे निरोपही आहेत. पुरकिंजे पेशी खूप चेतली की ती स्वतः एक मेदासारखा रेणू सोडते, तो मागे समांतर तंतूच्या टोकावरच्या सीबी-१ रिसेप्टरला लागतो आणि तंतूला काही सेकंद ग्लुटामेट कमी सोडायला लावतो. गांजा आणि भांगेतलं टीएचसी याच रिसेप्टरला चिकटतं, आणि लहान मेंदूत तो भरपूर आहे. महाशिवरात्रीला भांग चढलेल्या माणसाचे हातपाय वेळ चुकवतात त्यात याचा मोठा वाटा आहे.

फक्त मंद होत राहिलं तर काही दिवसांत सगळ्याच जोडण्या मुक्या होतील. म्हणून परतीची वाट हवी. समांतर तंतू बोलला आणि आरोही तंतू गप्प राहिला, म्हणजे चूक झालीच नाही, तर काट्यात कॅल्शियम थोडासाच चढतो. एवढा कॅल्शियम पीकेसीला पुरत नाही, पण फॉस्फेट काढणाऱ्या विकरांना पुरतो. आम्पा रिसेप्टर परत वर येतात आणि जोडणी बळकट होते. मेंदूच्या बाकीच्या भागांबद्दल वाचलेलं असेल तर इथे ठेच लागते. स्मृतीसाठी प्रसिद्ध असलेल्या हिप्पोकॅम्पसमध्ये नियम नेमका उलटा आहे. तिथे कॅल्शियम जास्त तर जोडणी बळकट, कमी तर मंद. तेच रेणू, तोच कॅल्शियम, पण अर्थ वेगळा.

इथपर्यंतची गोष्ट इतकी घट्ट बसते की शंका यावी, आणि ती आलीही. २०११ मध्ये रॉटरडॅमच्या क्रिस द झेऊ यांच्या गटाने तीन प्रकारचे जनुकबदल केलेले उंदीर घेतले. तिन्हींत रिसेप्टर आत ओढण्याची शेवटची पायरी तोडलेली होती, त्यामुळे एलटीडी होत नव्हती. तरी हे उंदीर डोळ्यांची क्रिया सुधारायला शिकले, इशारा मिळताच पापणी मिटायला शिकले, दांड्यांच्या आडव्या शिडीवर चालायला शिकले. एलटीडी म्हणजेच शिकणं, या इतोंच्या सिद्धांताला हा मोठा धक्का होता. त्याआधी याच गटाने जोडणी बळकट करणारी वाट तोडलेले उंदीर तपासले होते, आणि त्यांना मात्र शिकायला जड जात होतं. मग इतोंच्या बाजूने उत्तर आलं. २०१६ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं की चेतवण्याची पद्धत बदलली तर त्याच उंदरांत एलटीडी दिसते, म्हणजे पेशीने आडवाट शोधली होती. आणि २०१८ मध्ये जपानच्याच युझाकी यांच्या गटाने प्रकाश टाकताच रिसेप्टर आत ओढणं तात्पुरतं थांबेल अशी युक्ती केली. जन्मभर नव्हे, फक्त शिकण्याच्या त्या वेळेपुरतं. त्या उंदरांचं शिकणं अडलं.

माझं मत विचाराल तर दोन्ही बाजूंचं बरोबर आहे. जन्मापासून एक पायरी नसलेला प्राणी दुसऱ्या पायरीवरून चढायला शिकतो, म्हणून त्या उंदरांवरून एलटीडी निरुपयोगी ठरत नाही. पण एलटीडी म्हणजेच शिकणं, हे जुनं वाक्यही आता टिकत नाही. लहान मेंदूच्या काही पट्ट्यांत जोडणी मंद करून शिकवलं जातं तर काहींत बळकट करून.

शिवाय शिकलेलं पुरकिंजे पेशीपाशीच मुक्काम करत नाही. उंदरांना तासाभराचा डोळ्यांचा सराव सलग दिला किंवा मध्ये विश्रांती देऊन दिला, तर त्या दिवसाअखेर प्रगती सारखीच दिसते. फरक दुसऱ्या दिवशी कळतो. विश्रांतीवाल्यांचं शिकलेलं टिकतं, सलगवाल्यांचं बरंचसं उडून जातं. विश्रांतीवाल्यांमध्ये पुढे फ्लॉक्युलस औषधाने बधिर केला तरी शिकलेलं राहतं, कारण तोवर ते खालच्या न्यूरॉनकडे गेलेलं असतं. पृष्ठभागात प्रथिनं बनणं रोखलं तर हे स्थलांतर होत नाही. तबल्याचा क्लास लावलेल्या मुलाला रविवारी तीन तास बसवण्यापेक्षा रोज थोडा वेळ बसवावं, हे गुरुजी या प्रयोगांच्या कितीतरी आधीपासून सांगत आलेत.

हे सगळं उंदराच्या मेंदूतलं बारीक काम वाटत असेल तर न्यूरॉलॉजिस्टच्या ओपीडीत या. साखळीच्या जवळपास प्रत्येक कडीला एक आजार आहे आणि बहुतेकांची लक्षणं सारखीच दिसतात. चालताना पाय फाकवावे लागतात, बोलणं अडखळतं, हात वस्तूपर्यंत जाताना थरथरतो. अटॅक्सिया म्हणतात त्याला. त्याच्या एका आनुवंशिक गटाला एससीए (स्पायनोसेरेबेलर अटॅक्सिया) म्हणतात आणि पुढचा आकडा त्यातला प्रकार सांगतो. एमग्लुआर-१चं जनुक बिघडलं तर एससीए-४४. आयपी-३ रिसेप्टरचं जनुक बिघडलं तर एससीए-१५. पीकेसीच्या गॅमा प्रकाराचं बिघडलं तर एससीए-१४. विद्युतदाबाने उघडणाऱ्या कॅल्शियमच्या दाराचं बिघडलं तर एससीए-६. आणि फॉस्फेट काढणाऱ्या त्या पीपी-२एच्या एका भागाचं जनुक बिघडलं तर एससीए-१२, जो जगात इतरत्र अगदी विरळा आणि भारतात, विशेषतः उत्तरेतल्या अग्रवाल समाजातल्या कुटुंबांत, बऱ्यापैकी आढळतो. त्यात सुरुवात बहुधा हाताच्या कंपाने होते. सही वाकडी येते, चहाचा कप उचलताना हिंदकळतो, आणि कित्येकदा वर्षानुवर्षं पार्किन्सन समजून उपचार चालतात. हे आजार केवळ ‘शिकता येत नाही’ म्हणून होतात, असं समजू नये. कॅल्शियमचा हिशेब सतत बिघडला की पुरकिंजे पेशी हळूहळू मरतात, आणि मेलेली पेशी परत येत नाही.

पण एका रुग्णगटात जनुक न बिघडताही हेच झालेलं दिसलं. हॉजकिन नावाच्या कर्करोगातून बऱ्या झालेल्या दोन रुग्णांचा तोल अचानक जाऊ लागला. त्यांच्या रक्तात एमग्लुआर-१ विरुद्धची प्रतिपिंडं सापडली. ती उंदरांच्या मेंदूभोवतीच्या पाण्यात सोडली तर उंदीरही झोकांड्या खाऊ लागले. ही नोंद २००० सालची. कारण सापडत नसलेल्या अटॅक्सियात प्रतिपिंडांची रक्ततपासणी उपयोगाची ठरू शकते, कारण प्रतिपिंडं काढता येतात, दाबता येतात. जनुकाचं तसं नाही.

कॅल्शियमच्या त्याच दाराच्या जनुकात वेगळा बिघाड असेल तर तोल कायमचा जात नाही. काही तासांचे झटके येतात, दमल्यावर किंवा ताण आल्यावर, आणि मध्ये माणूस बराचसा ठीक असतो. याला एपिसोडिक अटॅक्सिया-२ म्हणतात. त्यावर ॲसिटाझोलामाइड लागू पडतं, तीच स्वस्त गोळी जी लेह-लडाखला जाणारे लोक उंचीच्या त्रासासाठी खिशात ठेवतात. त्याने भागलं नाही तर ४-अमिनोपायरिडीन देतात. म्हणून तोल जातो अशी तक्रार घेऊन कोणी आलं, तर तो दिवसभर जातो की झटक्यांनी जातो आणि घरात आणखी कोणाला असं होतं का, हे दोन प्रश्न स्कॅनच्या आधी विचारायचे असतात.